पन्नास रुपयांचा एक फेरा

सकाळी 6

हनुमान जयंती झाली की पंधरा दिवस माझं ऑफिस कोसबाडला राहत नाही. एरवी मी डहाणू-तलासरीतल्या चिकूच्या व्यापाऱ्यांची, फुग्यांच्या कारखानदारांची, चिंचणीकडच्या डायमेकरांची खाती लिहितो आणि जीएसटीची विवरणपत्रं भरतो. चैत्रातले हे दिवस मात्र विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत जातात. माझं एक गिऱ्हाईक तिथे पाळणा लावून बसलेलं असतं. मूळचे बार्शीकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांच्याकडे एक मोठा आकाशपाळणा, एक टोराटोरा, ड्रॅगनची छोटी आगगाडी आणि लहान पोरांना उड्या मारायला हवा भरलेला मिकी माऊस आहे. यंदा त्यांना कोलंबस घ्यायचा आहे, म्हणजे दोन्ही टोकांनी उंच झुलणारी नाव. घ्यायचा की नाही, ते या यात्रेच्या गल्ल्यावर ठरेल. म्हणून मी निघालोय.

कोसबाडची टेकडी उतरताना चिकू उतरवायला निघालेली माणसं भेटतात, खांद्यावर जाळी लावलेल्या लांब काठ्या. डहाणू, आशागड, चारोटी, तिथून अहमदाबादच्या हायवेनं देवीपर्यंत. या रस्त्यावर कुणी पाहुणा बरोबर असला की हमखास विचारतो, इतकी जागा, हायवे उशाला, मुंबई-सुरत दोन्हीकडची गिऱ्हाइकं, मग इथे मोठं पार्क कसं नाही? कारण 20 जून 1991ची केंद्राची अधिसूचना. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, उद्योगांना फार तर 500 एकर, आणि वाड्या, हिरवे पट्टे, आदिवासी वस्तीच्या जमिनी आहेत तशाच ठेवायच्या. पुढे 1996मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. रोलर कोस्टरचा खांब इथे रोवायचा तर आधी चिकूची वाडी मोडावी लागेल. मला हे बंधन पटतं. ज्यांच्या जमिनी आहेत त्या सगळ्यांना पटतं असं नाही. पण त्यामुळे आमच्याकडचं थीम पार्क वर्षातून पंधरा दिवस उभं राहतं आणि ट्रकात भरून निघून जातं.

सकाळी 8

मैदानावर शेणाचा, सुक्या बोंबलांचा आणि ग्रीसचा मिळून एक वास. पाळण्यावर कामावरची पोरं चढलेली. आदल्या रात्री फिरलेल्या चाकाची प्रत्येक पिन हातानं हलवून बघायची, सैल असेल तर ठोकायची, झिजली असेल तर बदलायची. मग रिकामा पाळणा फिरवायचा. त्यानंतर एका बाजूच्या पाळण्यांत वाळूची पोती ठेवून पुन्हा, कारण चाकाला खरा त्रास एकाच अंगाला वजन आल्यावर होतो. संध्याकाळी माणसं बसवताना समोरासमोरचे पाळणे आलटून पालटून भरतात ते त्यासाठीच. खालून बघणाऱ्याला वाटतं, उगाच वेळ काढतायत.

अण्णांचा मुख्य मिस्त्री गोरखपूरकडचा आहे. त्याचा पगार अण्णांपेक्षा जास्त, असं अण्णाच सांगतात. हिशेब मी ठेवतो म्हणून मला ठाऊक आहे की ते फारसं खोटं नाही. पाळणा नवा घेता येतो, तो जोडणारा माणूस सहज मिळत नाही.

सकाळी 10

हा तास कागदांचा. पोलिसांची परवानगी, ग्रामपंचायतीचा दाखला, विजेच्या जोडणीची तपासणी, यंत्र सुस्थितीत असल्याचं अभियंत्याचं प्रमाणपत्र, विम्याची पावती. फाइल एकदा दाखवून भागत नाही. रोज कुणी नवा माणूस येतो आणि पहिल्या पानापासून बघतो.

जागेचं भाडं मात्र यात्रा सुरू होण्याआधीच भरावं लागतं. धंद्याची खरी मेख इथे आहे. पाऊस पडो, तिकडे हायवे तुंबो, पाळणा एक दिवस बंद राहो, भाडं गेलेलं असतं. म्हणून अण्णांच्या वहीत पहिल्या पाच दिवसांचा गल्ला जमेच्या बाजूला लिहितच नाहीत. त्यावर एक रेघ मारलेली असते आणि शेजारी ‘जागा’ इतकंच. नंतरचे काही दिवस ट्रक, डिझेल, पगार, जेवण यांचे. अण्णांचे स्वतःचे म्हणायचे ते शेवटचे चार दिवस.

दुपारी 1

एप्रिलातलं ऊन. या वेळी पाळण्यात बसलं तर लोखंड चटका देतं. माणसं मंडपात, झाडाखाली, ट्रकच्या सावलीत. अण्णा खाटेवर आडवे आणि मी शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन.

“भाऊ, सांगा, कोलंबस जमतोय का?”

कारखानदाराचं कोटेशन तीस लाखांच्या आसपास, कर वेगळा. अण्णांकडे दहा आहेत, वीस उभे करायचे. बँक दारात उभी करत नाही. ट्रकला नंबर असतो, दुकानाला पत्ता असतो, पाळणा आज विवळवेढ्याला आणि उद्या कुठे, तो तारण कसा धरायचा? मग खाजगी सावकारी, महिना दोन टक्के. वीस लाखांवर महिन्याला चाळीस हजार. जूनपासून चार महिने पाऊस, नाव घडी करून ताडपत्रीखाली पडलेली, व्याज चालूच. झाले एक लाख साठ हजार.

आता तिकीट पन्नासाचं. जीएसटी 18 टक्के. 2017 साली लागला तेव्हा 28 होता, 25 जानेवारी 2018पासून उतरला. म्हणजे पन्नासातले 7 रुपये 63 पैसे सरकारचे, 42 रुपये 37 पैसे आपले. एक लाख साठ हजारांना भागलं तर पावणेचार हजार तिकिटं. नाव जमिनीवर निजलेली असताना जे व्याज चढतं, तेवढं फेडायला पावणेचार हजार माणसं झुलवायची. मुद्दल, पगार, जागा सगळं त्याच्यानंतर.

अण्णांनी डोळ्यांवरचा रुमाल काढला नाही. “मोठ्या लोकांचं कसं जमतं मग?”

त्यांचंही जमत नाही, अण्णा. खोपोलीजवळचं इमॅजिका बघा. ॲडलॅब्जच्या मनमोहन शेट्टींनी 2013च्या एप्रिलमध्ये सुरू केलं. सुमारे 1,600 कोटींचा खर्च, त्यात कर्जाचा वाटा मोठा. नायट्रोसारखा कोस्टर, तो बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची. पुढच्या वर्षी वॉटर पार्क, मग हॉटेल, मग बर्फाचं घर. 2015च्या मार्चमध्ये शेअर बाजारातून पैसे उभे केले, तेही फार करून कर्ज हलकं करायला. तरी व्याज गर्दीच्या पुढे पळत राहिलं. शनिवार-रविवारी रांगा, मंगळवारी मोकळे रस्ते. 2020च्या मार्चमध्ये कोरोनानं फाटकच बंद झालं. अखेर 2022मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं ते हातात घेतलं, आणि त्याआधी सावकारांना आपल्या येण्यातल्या मोठ्या भागावर पाणी सोडावं लागलं. म्हणजे त्या कोस्टरचे पैसे शेवटी कुणी भरले? थोडे तिकीटवाल्यांनी, बरेच बँकांनी, काही शेअर घेतलेल्यांनी. ज्यांनी नायट्रोत एक फेरा मारला आणि घरी गेले, त्यांना स्वस्तात पडलं.

हे ऐकून अण्णा उठून बसले. दुसऱ्याचं बुडणं ऐकताना माणूस जागा होतो.

मी पुढे सांगितलं. मोठ्या पार्काचा आणि यात्रेचा हिशेबच वेगळा. एस्सेलवर्ल्डनं 1989 साली गोराईला सुरुवात केली आणि मुंबईकराला दारात एकदाच पैसे भरून दिवसभर वाटेल तितकं बसायची सवय लावली. त्या पद्धतीत कुठला पाळणा किती कमावतो हे कळत नाही. नवा पाळणा तिथे स्वतःचे पैसे फेडत नाही, तो जाहिरातीसाठी असतो. ‘यंदा नवं काय’ हे सांगता आलं नाही तर मागच्या वर्षी आलेला माणूस पुन्हा येत नाही, आणि दाराचं तिकीट शंभरानं वाढवायला निमित्तही मिळत नाही. तुमच्याकडे प्रत्येक पाळण्यापुढे वेगळी खिडकी. टोराटोरा हरला तर त्याच रात्री कळतं.

केरळातल्या वंडरलावाल्यांनी याच्यावर वेगळा तोडगा काढला. कोचीला स्वतःचा कारखाना टाकून बरेचसे पाळणे घरीच बनवतात. कोटेशनमधला दुसऱ्याचा नफा वाचला की तिकिटावरचं ओझं उतरतं. मला या धंद्यातलं हे सगळ्यात शहाणं डोकं वाटतं.

“म्हणजे मिस्त्रीला वेल्डिंगचं मशीन घेऊन द्यायचं?” अण्णा म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण रुमाल पुन्हा तोंडावर ओढून घेतल्यावर बराच वेळ ते झोपलेले नव्हते.

या चर्चेत मी त्यांना फेरिसची गोष्टही सांगितली. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात त्यानं पहिलं अजस्र चाक उभारलं. उंची 264 फूट, 36 डबे, एकेका डब्यात 60 माणसं. तिकीट 50 सेंट, प्रदर्शनाच्या प्रवेशाइतकंच. म्हणजे आत यायला जेवढे पैसे, तेवढेच पुन्हा चाकावर बसायला, आणि लोकांनी दिले. चाक चाललं. पण कमाईत प्रदर्शनाच्या कंपनीचा वाटा होता, त्यावरून कोर्टकज्जे झाले. तीन वर्षांनी फेरिस गेला तेव्हा देणीच बाकी होती. 1906 साली चाक सुरुंगानं पाडलं.

“जागेचं भाडं,” अण्णा रुमालाखालून म्हणाले. दोन शब्दांत त्यांनी सगळा खटला निकालात काढला.

दुपारी 4

बॅनरवाला आला. डहाणूतला पोरगा, फोनवर नमुने घेऊन. पाळण्याच्या मध्यभागी, जिथे सगळे आरे एकत्र येतात तिथे, गोल पाटी लावायची आणि भोवती दिवे सोडायचे. हायवेवरून जाणाऱ्याला सुद्धा दिसेल. यंदा तीन जण उत्सुक: ट्रॅक्टरचा एक विक्रेता, बिल्डर, आणि वाढदिवस जवळ आलेले एक भावी लोकप्रतिनिधी. अण्णांनी तिसऱ्याला हात जोडले. “त्यांचे पैसे निवडणुकीनंतर मागायचे असतात.”

मला विचाराल तर प्रायोजक या शब्दाचा धाक आपल्याकडे जरा जास्तच आहे. लोकांना वाटतं, कंपनीचं नाव दिसतंय म्हणजे कंपनीनंच बांधलं असणार. ट्रॅक्टरवाला जे देतो त्यात अण्णांचं यात्रेभराचं डिझेल निघतं. जनरेटर चालतो, पाळण्याची एक पिनसुद्धा येत नाही. पुढच्या वर्षी धंदा मंद असला की पाटी जाते, आणि डिझेल तर लागतंच.

प्रायोजकानं अख्खा पाळणा बांधून दिल्याची उदाहरणं आहेत, नाही असं नाही. 1964च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पेप्सीनं डिस्नेकडून युनिसेफच्या नावानं बाहुल्यांची जलसफर करून घेतली. जनरल इलेक्ट्रिकनं फिरतं नाट्यगृह करून घेतलं, त्यात घरातली वीज आणि यंत्रं कशी बदलत गेली ते दाखवायचं. प्रदर्शन संपल्यावर डिस्नेनं दोन्ही उचलून कॅलिफोर्नियातल्या आपल्या पार्कात नेली. दुसऱ्याच्या पैशानं पाळणे बांधायचे आणि मग घरी न्यायचे, हा हिशेब मला हिशेबनीस म्हणून फारच आवडतो. त्याही आधी, 1955 साली उघडलेलं डिस्नेलँड उभं करताना एबीसी या टीव्ही कंपनीनं 5 लाख डॉलर घातले आणि 45 लाखांच्या कर्जाला हमी दिली. बदल्यात डिस्नेनं त्यांना कार्यक्रम करून दिला, आणि तो कार्यक्रमच पार्काची दर आठवड्याची जाहिरात झाला.

मुंबईत असं काही बघायचं तर घाटकोपरला 2013 साली मॉलमध्ये आलेलं किडझानिया. मुलं तिथे पायलट होतात, बँकेत बसतात, बिस्किटं करतात, आणि त्या छोट्या दुकानांच्या पाट्या खऱ्या कंपन्यांच्या. पैसा दोन्हीकडून येतो, आईबापांच्या तिकिटातून आणि कंपन्यांकडूनही. कंपनीला पोराचं उद्याचं गिऱ्हाईकपण विकत मिळतं. मला ते बघून थोडं अवघडल्यासारखं होतं. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालवाडी चालवली ती पानं, बिया, शंख, माती घेऊन, झाडाखाली. खेळायला विकत घेतलेलं काही लागतंच असं नाही, हे त्यांनी आमच्या गावात दाखवून दिलं. पण त्यांच्या कामालाही देणगीदार लागलेच. फरक एवढाच, की देणगी देणाऱ्यानं त्या बियांवर आपलं नाव छापायला सांगितलं नाही.

कंपनी मोठा पैसा टाकते ती तिला स्वतःचं काही विकायचं असतं तेव्हा, आणि तो पाळणाच तिच्या विक्रीचं दुकान असतो तेव्हा. विवळवेढ्याच्या पाळण्यात ट्रॅक्टर विकता येत नाही. बॅनरवाल्याशी शेवटी दर ठरला, निम्मे आज, निम्मे यात्रा उठायच्या आदल्या दिवशी. अण्णांनी दुसरा निम्मा वहीत लिहूच दिला नाही.

संध्याकाळी 6.30

ऊन उतरलं आणि मैदान भरलं. चारोटी, कासा, तलासरी, जव्हार, विक्रमगड, पलीकडे गुजरातेतल्या उंबरगाव-वलसाडकडून टेम्पो. वीटभट्टीवरून परतलेली कुटुंबं, हातात हंगामाचे पैसे. ही यात्रा देवीची, तशीच पावसाळ्याच्या बेगमीचीही. सुके बोंबील, सोडे, मसाला, कांदे, लसूण. पिशव्या भरल्या की मग पोरांचा हट्ट.

तिकिटाचा भाव कोण ठरवतं, ते या वेळी खिडकीशी उभं राहिल्यावर कळतं. अण्णा ठरवत नाहीत, मीही नाही. समोर पाच जणांचं घर, बापाच्या मुठीत दुमडलेल्या नोटा. पाच पन्नास अडीचशे. तेवढ्यात बरेच बोंबील येतात. म्हणून आईबाप खाली उभे राहतात आणि तीन पोरं वर जातात. अण्णांनी मागे एकदा पन्नासाचे साठ केले होते. घर तेच, पण वर जाणारी पोरं तीनची दोन झाली, आणि सुट्ट्या पैशांवरून रांग अडली ती वेगळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास.

मोठं पार्क इथे सुटतं. आठवड्याच्या मधल्या वारी स्वस्त, सुट्टीला महाग, आधी ऑनलाइन घेतलं तर सूट, रांग टाळायची तर जास्तीचे पैसे. आत पाण्याची बाटली, जेवण, टी-शर्ट. अण्णांकडे यातलं काहीच नाही. भेळवाला त्यांच्या जागेत नाही आणि पाणी तर मंदिराच्या नळाला फुकट.

आमच्याकडे वेळ तेवढा विकता येतो. मोठ्या पाळण्याला 12 डबे, एकात चार माणसं, म्हणजे 48. फिरवायला चार मिनिटं, उतरवायला-चढवायला सहा. तासाला सहा फेरे. गर्दीचे चार तास धरले तर चोवीस फेरे, सगळे भरले तर 1,152 तिकिटं. सगळे कधीच भरत नाहीत. कडेवरचं मूल फुकट, कुणी दोघंच बसतात आणि तिसऱ्याला येऊ देत नाहीत, कुणाला वर गेल्यावर उतरायचं असतं. उरलं निम्मं धरायचं. मिस्त्रीनं चढवण्याची सहा मिनिटं पाचवर आणली तर भाव न वाढवता गल्ला वाढतो. पण ते एक मिनिट कड्या तपासण्यातून कापायचं नाही, यावर आमच्या दोघांचं एकमत आहे.

मोबाइलचं नेटवर्क साडेसातला झोपलं. पैसे गेले की नाही कळेना. क्यूआरची पाटी उलटी करून ठेवली आणि रोखीवर आलो.

रात्री 9

पलीकडे मौत का कुआ. त्याच्या तिकिटाचा मला दरवर्षी प्रश्न पडतो. सर्कशीला 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ आहे, पाळण्याला नाही. भिंतीवर आडवी मोटारसायकल चालवणारा माणूस सर्कशीत धरायचा की पाळण्यात? आपण नुसतं बघतो, बसत नाही, म्हणून मी त्याला सर्कस म्हणेन. त्याचा मालक माझा अशील नाही, त्यामुळे हा सल्ला त्यानं मागितलेला नाही.

त्याच्या शेजारी कुणाचा तरी कोलंबस उभा आहे. अण्णा तासभर तिथेच. नाव बघत नव्हते, रांग बघत होते. कोण बसतं? पोरं, पंधरा ते पंचवीसची. कुटुंबं नाहीत. आयाबाया तोंडाला पदर लावून लांब. या यात्रेत पैसा कुटुंबांकडे आहे. सोलापूरच्या गड्डा यात्रेला, माहीमच्या जत्रेला गोष्ट वेगळी, तिथे शहरातली तरणी पोरं येतात.

रात्री 11.30

गल्ला मोजून झाला. नोटा सरळ करणं, दहाच्या गठ्ठ्या, फाटक्या वेगळ्या. अण्णांनी आकडा बघितला आणि नव्या कोलंबसचं कोटेशन माझ्याकडे परत सरकवलं.

मग त्यांनी पलीकडच्या कोलंबसच्या मालकाला चहाला बोलावलं. तो मालेगावकडचा, वय झालेलं, मुलं या धंद्यात नाहीत. त्याची नाव आठ वर्षांची. भाव तासभर चालला. ठरलं ते असं: नव्याच्या निम्म्याहून कमी, त्यातलेही दोन लाख आत्ता, चार नवरात्रानंतर, उरलेले गड्डा यात्रा उठल्यावर. पावसाळ्यात व्याज नाही, कारण पावसाळ्यात हप्ताच नाही. सावकार, बँक, शेअर बाजार सगळे टळले. पैसे भरणार ते सोलापूरचे प्रेक्षक, आणि तेही बसल्यावर.

मी मधे एकच तोंड घातलं. मुख्य आसाचे बेअरिंग विकणाऱ्यानं आपल्या खर्चानं बदलून द्यायचे, वजन टाकून चाचणी आमच्या मिस्त्रीसमोर, आणि अभियंत्याचं नवं प्रमाणपत्र हातात आल्यावरच दोन लाख. म्हातारा रागावला. म्हणाला, आठ वर्षांत एक खिळा निघाला नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी लिहीत राहिलो. शेवटी बेअरिंगचा खर्च निम्मानिम्मा झाला आणि बाकीचं जसं सांगितलं तसं. करार पांढऱ्या कागदावर झालाय, स्टॅम्प पेपर उद्या डहाणूहून आणायचा आहे, तोही माझ्याच गाडीवर.